कीडनियंत्रण, शेंगभाज्यांचे : खानदेश

खानदेशातील परसांत, मळ्यांत आणि शेतांच्या बांधांवर होणाऱ्या वाल, घेवडा, चवळी, गवार इ. शेंगभाज्यांचे तीव्र विषारी रसायनांवाचून किडींपासून रक्षण करण्याच्या पद्धती आणि त्यांचा इतिहास. येथे खानदेश म्हणजे तापी खोऱ्याचा तो भाग, ज्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले, ज्यांना महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि ज्यांपैकी धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधे काळ्या जमिनीचा सखल पट्टा असे त्याचे स्वरूप आहे.

हा मुलूख प्रथमपासून कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेला भाव आणि त्याच सुमारास खानदेशातून गेलेला लोहमार्ग यांमुळे ती ओळख अधिकच दृढ झाली. परिणामी किडींविषयीचे सरकारी आणि पुढे व्यापारी लक्षही कापसाकडेच राहिले. शेंगभाजीची कीड ही घरच्या माणसांनी निस्तरावयाची बाब मानली गेली. वस्तुतः या दोन पिकांत एक मूलभूत भेद आहे. कापसाचे बोंड कोणी खात नाही. वालाची किंवा चवळीची शेंग मात्र तोडली त्या दिवशीच चुलीवर चढते. वेल बहरात आला की दर तीन-चार दिवसांनी तोडा करावा लागतो आणि त्या वेळी एकाच वेलावर कळ्या, फुले, कोवळ्या शेंगा व तयार शेंगा एकदमच असतात. फवारणीनंतर ठराविक दिवस माल तोडू नये, ही कीटकनाशकांच्या वापराची नेहमीची अट या पिकात पाळावयाची म्हणजे एक-दोन तोडे सोडून द्यावयाचे. आणि सोडलेल्या शेंगा वेलावर जून होऊन नवा बहर कमी होतो. शेंगभाज्यांच्या कीडनियंत्रणाचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरत आला आहे.

खानदेशात शेंगवर्गीय पिके एकट्याने क्वचितच उभी असत. ज्वारीत उडीद, मूग किंवा चवळी, बाजरीत मटकी, कपाशीच्या ठराविक ओळींनंतर तुरीची ओळ अशी मिश्र पेरणी रूढ होती. घरगुती वाल मृगाच्या पावसावर कुंपणालगत किंवा मांडवाखाली टोकला जाई. वेल चढण्यासाठी शेवग्याचे झाड किंवा बांबूचा आधार दिला जाई. वालाच्या जुन्या वेली वाणांना फुलोरा येण्यास दिवस लहान व्हावे लागतात. म्हणून वेल पावसाळाभर नुसता वाढे आणि दसऱ्यानंतर फुलावर येऊन संक्रांतीच्या पुढेपर्यंत शेंगा देई. या वेळापत्रकाचे महत्त्व मोठे आहे. वेलाला पानांवरील किडी पावसाळ्यात व शेंगांवरील किडी थंडीत गाठत, आणि दोहोंचा प्रतिकार वेगळा असे. मिश्र पेरणीचा हेतू कीड आवरणे हा नव्हता. एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागावे, हा होता. तथापि एका जातीच्या झाडावर वाढणाऱ्या किड्याला पुढचे तसेच झाड शोधण्यास वेळ लागे आणि ज्वारीच्या कणसांवर बसणारे पक्षी खालच्या पिकातील अळ्याही टिपत, हा त्याचा आनुषंगिक लाभ होता. धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्यांवर चालणाऱ्या फड पद्धतीविषयीही असेच म्हणता येईल. तीत लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई व पुढील हंगामात ते बदलले जाई. ही व्यवस्था पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी होती. पण जमिनीत कोशावस्थेत राहिलेल्या किड्यांना पुढच्या हंगामात त्याच जागी तेच खाद्य मिळत नसे.

या पिकांवरील किडी अनेक असल्या, तरी उपद्रवाच्या रीतीप्रमाणे त्यांचे मोजकेच गट पडतात. काळा मावा कोवळे शेंडे, फुलांचे दांडे व शेंगा यांवर दाटीने बसून रस शोषतो. त्याच्या माद्या संयोगाशिवाय थेट पिले प्रसवतात व पिले सुमारे आठवड्यात प्रजोत्पादनक्षम होतात. त्यामुळे ढगाळ हवेत चार दिवसांत शेंडा काळा दिसू लागतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या येतात आणि माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. मेगॅकोप्टा क्रिब्रॅरिया हा हिरवट, गोलसर, दुर्गंधी ढेकूण वालाच्या वेलावर झुबक्यांनी आढळतो. भारतात परसातील किरकोळ उपद्रव म्हणून पूर्वीपासून परिचित असलेला हा कीटक २००९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात प्रथम दिसला आणि काही वर्षांतच तेथील सोयाबीनची गंभीर कीड ठरला. त्याचे मूळचे शत्रू तेथे त्याच्या मागे गेले नव्हते. खोडमाशीच्या अळ्या कोवळ्या रोपाचे खोड आतून पोखरतात. अशा रोपाच्या बुंध्याशी वेळीच मातीची भर दिली, तर वरच्या बाजूस नवी मुळे फुटून ते जगू शकते. पांढरी माशी स्वतः करते त्याहून अधिक हानी तिने वाहून आणलेल्या पिवळ्या मोझॅइकच्या विषाणूमुळे होते.

सर्वांत खर्चिक शत्रू म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळ्या. त्यांपैकी मारुका ही फुले व पाने जाळ्याने एकत्र गुंफून आत राहते. दुसरी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ही हरभऱ्यावरील ‘घाटे अळी’ म्हणून खानदेशात घरोघर माहीत आहे. कपाशीच्या बोंडावर, तुरीच्या शेंगेवर व टोमॅटोवरही तीच असते. तिचा पतंग फुलांवर व कळ्यांवर सुटी अंडी घालतो. लहान अळी पाने व फुले खाते; मोठी झाल्यावर डोके शेंगेत खुपसून व धड बाहेर ठेवून दाणे फस्त करते. ती एकदा शेंगेत शिरली की वरून उडविलेल्या औषधाचा तिला फारसा उपसर्ग पोहोचत नाही. म्हणून तिच्या बाबतीत औषधापेक्षा वेळ महत्त्वाची असते.

घरगुती उपायांत राखेचा मान पहिला. गोवऱ्यांची चाळलेली राख पहाटे, पानांवर दव असताना, शेंड्यांवर व वेलाच्या बुंध्याभोवती उधळीत. मऊ अंगाच्या किड्यांच्या त्वचेवरील मेणचट थर राखेने खरवडला जातो व ते शुष्क होतात; शिवाय बुंध्याशी पडलेली राख मुंग्यांना काही काळ अडविते आणि मुंग्यांचे संरक्षण गेलेला मावा इतर किड्यांच्या भक्ष्यस्थानी पडतो. एका पावसाने हा उपाय धुऊन जातो, हा त्याचा दोष. पण पाण्याने धुतलेली शेंग खाण्यास निर्धोक राहते, हा त्याचा गुण. माव्याने भरलेला शेंडा खुडून टाकणे, ढेकणांचे झुबके पाण्याच्या भांड्यात झटकणे, तुरीचे झाड हलवून खाली पडलेल्या अळ्या गोळा करणे, किडकी शेंग दिसताच तोडून गुरांपुढे टाकणे ही कामे तोड्याबरोबरच होत. वरवर पाहता हे उपाय बाळबोध वाटतात. परंतु दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक वेलाजवळ जाऊन प्रत्येक शेंगेला हात लावणारा माणूस, आणि ही कामे बहुधा स्त्रियांकडेच असल्याने प्रत्येक वेलाजवळ जाणारी स्त्री, हे या पिकाचे सर्वांत प्रभावी निरीक्षणयंत्र होते. पुढील काळात ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ठरविण्यासाठी शेतात झाडे मोजण्याची जी पद्धत आली, तिचे काम येथे सहजगत्या होत असे. या श्रमांची मोजदाद मात्र कोणत्याही हिशेबात झाली नाही.

अशा उपायांचा संबंध संस्कृत वृक्षायुर्वेदाशी जोडण्याची प्रवृत्ती अलीकडे आढळते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) झाडांच्या रोगांवरील उपचारांचा अध्याय आहे व त्यात वावडिंगाचा उपयोग सांगितला आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचे ऑक्सफर्ड येथील हस्तलिखितावरून झालेले इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे ग्रंथ मुख्यतः उद्यानातील वृक्षांविषयी आहेत. खानदेशी परसातील राख त्यांतून आली, असे मानण्यास आधार नाही. चुलीजवळ जे उपलब्ध होते, ते वापरले गेले इतकेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भडगाव येथे सरकारी प्रायोगिक शेत होते, पण त्याची आस्था कापसात होती. किडींचा पद्धतशीर अभ्यास हिंदुस्थानात त्यानंतर सुरू झाला. १९०३ मध्ये हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि लगेच १९०३–०४ मध्ये मुंबई इलाख्यात आलेल्या ‘मुंबई टोळा’च्या उपद्रवाची पाहणी त्यांच्याकडे आली. बिहारमधील पुसा येथे केंद्रीय कृषिसंशोधन संस्था स्थापन झाल्यावर (१९०५) ते तेथे काम करू लागले. त्यांचे इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स (१९०६) हे पुस्तक देशी पिकांवरील किडींचे पहिले व्यवहारोपयोगी मार्गदर्शक म्हणता येईल. त्या काळच्या शिफारशींत हाताने वेचणे, पिशवीसारखी जाळी पिकावरून ओढणे, रात्री दिवे लावून पतंग पकडणे, पीकफेर करणे यांना मोठे स्थान होते. याचे कारण तत्त्वनिष्ठा नव्हे. शेतकऱ्याला विकत घेता येईल असे औषधच नव्हते.

जी औषधे होती, ती आजच्या अर्थाने सौम्य नव्हती. साबणाच्या पाण्यात घुसळलेले रॉकेलचे पायस माव्यावर उपयोगी पडे, पण प्रमाण चुकल्यास कोवळी पाने करपत. तंबाखूचा काढा रात्रभर भिजवून साबणासह फवारीत. त्यातील निकोटीन माव्याला मारते, पण ते माणसालाही जहाल विष आहे. पाने कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी शिशाचे आर्सेनेट सुचविले जाई, आणि ते खाण्याच्या शेंगेवर टाकणे किती अनुचित होते, हे सांगावयास नको. रासायनिक युग दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले व तत्पूर्वीचा काळ विषमुक्त होता, ही समजूत यामुळेच अपुरी ठरते. खुद्द लेफ्रॉय पुढे लंडन येथे प्राध्यापक असताना कीटकनाशक वायूंवर प्रयोग करीत होते. त्याच विषारी वायूची बाधा होऊन १९२५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढला. महायुद्धानंतर डीडीटी व त्यामागोमाग बीएचसी ही दोन द्रव्ये हिंदुस्थानात आली आणि १९५० नंतरच्या दशकात देशातच तयार होऊ लागली. बीएचसीची दहा टक्के भुकटी स्वस्त होती, तीस पाणी लागत नसे व पंपही लागत नसे. गोणपाटाच्या पुरचुंडीत बांधून ती पिकावर झटकता येई. ‘गॅमेक्झिन’ किंवा नुसते ‘पावडर’ या नावाने ती घरोघर पोहोचली आणि राखेची जागा तिने घेतली. दोन्ही करड्या भुकट्या, दोन्ही सकाळी उधळावयाच्या. अंगवळणी पडलेल्या कृतीत फक्त पदार्थ बदलला. तो बदल केवढा होता, हे लक्षात येण्यास बराच काळ गेला. राख धुऊन जाई. बीएचसी चरबीत साठते, चाऱ्यातून दुधात उतरते आणि भाजीला कुबट वास आणते. शिवाय माव्याबरोबर तिने ढालकिडे व परोपजीवी गांधीलमाश्याही मारल्या.

कपाशीच्या मार्गाने आणखी एक बदल झाला. कापसासाठी घरात फवारणीचा पंप आणि एंड्रिन, पुढे मोनोक्रोटोफॉस, एंडोसल्फान, व १९८० नंतरच्या दशकात कृत्रिम पायरेथ्रॉइडे आली. कपाशीच्या कडेला वाल किंवा चवळीची ओळ असे. पंपात उरलेले द्रावण तिच्यावर रिते होई. हे कोणाच्याही शिफारशीत नव्हते. वालासारख्या गौण भाजीसाठी नोंदविलेली औषधेच मुळात थोडी असल्याने, कपाशीचे औषध शेंगेवर पडणे ही अपवादात्मक चूक न राहता नित्याची रीत बनली. घाटे अळी दोन्ही पिकांवर एकच असल्याने औषध ‘लागू’ही पडत असे, निदान आरंभी. १९८७ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील कापसाच्या पट्ट्यात या अळीत पायरेथ्रॉइडांविषयी प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे आढळले व पुढे ती देशभर दिसून आली.

कायदा या सगळ्यामागून सावकाश आला. केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या चौकशीतून निघालेला कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये संमत झाला व १९७१ मध्ये अंमलात आला. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला, एंड्रिन १९९० मध्ये, तर बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ मध्ये मनाई झाली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. कायद्याने द्रव्ये दुकानातून काढली, तरी शेतातील सवय त्या गतीने बदलली नाही. २०१७ मध्ये खानदेशाबाहेर, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही माणसे ते औषध खात नव्हती, केवळ फवारीत होती.

सौम्य उपायांचे पुनरागमन हे गतकाळाकडे परतणे नव्हते; ते प्रयोगशाळेतून आले. कडुनिंबाचा पाला धान्यात घालण्याची रीत जुनीच होती, पण तिचे सामर्थ्य पाल्यात नसून बीच्या गरात आहे, हे नंतर कळले. सूदानमध्ये १९५९ साली टोळधाडीने सर्व हिरवळ खाऊन टाकली असताना निंबाची झाडे तेवढी शाबूत राहिल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइन्‍रिख श्मुटरर यांनी पाहिले. दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे अत्यंत विरल द्रावण पिकावर फवारले. त्या पिकावर टोळ उतरले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. हे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲझाडिरॅक्टिन हे क्रियाशील द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. ते किड्याची भूक मंदावते व कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. किडा तत्काळ मरत नाही, वाढ खुंटून मरतो. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून निंबोळी अर्क निकामी ठरविणाऱ्या शेतकऱ्याची निराशा यामुळेच समजण्यासारखी आहे. निंबाच्या बुरशीनाशक गुणावर अमेरिकी कृषी खाते व एक कंपनी यांनी यूरोपात मिळविलेले एकस्व २००० मध्ये रद्द झाले व २००५ मध्ये त्यांचे अपीलही फेटाळले गेले.

पाच टक्के अर्कासाठी सुकविलेल्या निंबोळ्यांच्या ५ किग्रॅ. गराची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा साबण घालून १०० लिटर द्रावण करतात. सूर्यप्रकाशात ॲझाडिरॅक्टिनचे विघटन होत असल्याने फवारणी सायंकाळी करणे इष्ट असते. मावा, पांढरी माशी व अळ्यांच्या बाल्यावस्था यांवर तो चांगला लागू पडतो. शेंगेत शिरलेल्या मोठ्या अळीवर जवळजवळ नाही. खरी अडचण वेगळीच आहे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पडतात, म्हणजे खानदेशात नेमक्या पेरणीच्या धांदलीत. त्या वेळी वेचून, सोलून, सावलीत वाळविल्या नाहीत, तर त्यांना बुरशी लागते आणि थंडीतील वालासाठी काहीच उरत नाही.

घाटे अळीवरील विषाणू हा या काळातील दुसरा महत्त्वाचा शोध. या विषाणूने ग्रस्त झालेली अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते व तेथे उलटी लोंबकळत मरते. तिची त्वचा फाटून पाझरणारा द्रव खालच्या पानांवर पडतो आणि इतर अळ्यांना लागण होते. शेतात आपोआप घडणारी ही साथ मुद्दाम पसरविण्यासाठी प्रयोगशाळेत वाढविलेल्या अळ्यांना लागण करून त्यांपासून द्रावण तयार करतात. त्याची मात्रा अळ्यांच्या संख्येत सांगतात : हरभऱ्यासाठी हेक्टरी २५० ते ५०० अळ्यांपासून मिळणारा विषाणू, एका अळीपासून सुमारे ६ अब्ज कण या हिशेबाने. हा विषाणू विशिष्ट अळीखेरीज माणूस, गुरे, मधमाश्या वा ढालकिडे यांना बाधत नाही, आणि म्हणूनच फवारणीनंतरही शेंग तोडता येते. उन्हातील अतिनील किरण त्याला निष्क्रिय करतात. ते टाळण्यासाठी द्रावणात कपड्यांची नीळ मिसळण्याची शिफारस आहे. अळी मरण्यास चार ते सात दिवस लागत असल्याने हा उपाय अळ्या लहान असतानाच करावा लागतो. त्यांची वेळ कळावी म्हणून नर पतंगांना आकर्षून घेणारे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावतात. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात खानदेश येतो. त्याच्या हरभऱ्यावरील शिफारशींत या उपायांबरोबर पक्षिथांबेही आहेत, आणि ते न रोवता पेरणीच्या वेळीच बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळावेत, असा पर्याय दिला जातो. त्या ताटांवर बसून कोतवाल व साळुंकी अळ्या टिपतात. ज्वारीतील जुन्या मिश्र पेरणीचा पक्ष्यांपुरता भाग अशा रीतीने शास्त्राच्या दारातून परत आला.

चवळीचे स्थान या संदर्भात सर्वांत मनोरंजक आहे. कपाशीच्या एकात्मिक कीडनियंत्रणात चवळीच्या ओळी मुद्दाम लावण्यास सांगतात, कारण तिच्यावर मावा लवकर येतो, त्यावर ढालकिडे व क्रायसोपा वाढतात आणि कपाशीवर मावा येईपर्यंत त्यांची फौज तयार असते. ज्या ओळीवर पूर्वी पंपातील उरलेसुरले औषध रिते होई, तीच ओळ येथे मित्रकीटकांची रोपवाटिका ठरते. मात्र हाच न्याय केळीला लावता येत नाही. रावेर, यावल या तालुक्यांतील केळीबागांत ‘हरण्या’ नावाने ओळखला जाणारा रोग काकडीवरील मोझॅइकच्या विषाणूमुळे होतो व तो मावा पसरवितो. मावा रोगट झाडाला सोंड लावून काही सेकंदांत विषाणू उचलतो व तितक्याच अल्पावधीत निरोगी झाडाला देतो; कीटकनाशकाने तो मरण्याआधीच लागण होऊन गेलेली असते. म्हणून रोगट झाड उपटून नष्ट करणे आणि काकडी, भोपळा, टोमॅटो यांबरोबरच चवळी व घेवडाही बागेत किंवा बागेलगत न लावणे, हाच खरा उपाय आहे. परसातील शेंगभाजी केळीच्या बागेपासून दूर असावी, या नियमाचे कारण यात आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात दशपर्णी अर्क आणि अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेली नीमास्त्र, अग्निअस्त्र इ. मिश्रणे लोकप्रिय झाली. ती घरी करता येतात व खर्च अल्प असतो, हे त्यांच्या प्रसाराचे मुख्य कारण. परंतु निंबोळी अर्काप्रमाणे त्यांची मात्रा निश्चित नाही. पाला, आंबविण्याचा काळ व करणाऱ्याचा हात यांप्रमाणे गुण बदलतो. दशपर्णीत कण्हेर व रुई, तर अग्निअस्त्रात तंबाखू पडते. वनस्पतिज द्रव्य म्हणजे निरुपद्रवी द्रव्य, हे समीकरण कण्हेरीच्या बाबतीत तर उघडच चुकीचे आहे. तीन दिवसांनी खावयाच्या शेंगेवर असा अर्क फवारताना कृत्रिम औषधाइतकीच सावधगिरी हवी. कीड येण्याची आगाऊ सूचना देणारी राज्य शासनाची ‘क्रॉपसॅप’ योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या पिकांत सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा होते. परसातील वालाची पाहणी अजूनही तोड्याला जाणाऱ्या बाईच्या डोळ्यांवरच अवलंबून आहे.

शेतातील धोका टळला, तरी बियाण्यासाठी राखलेल्या शेंगांतील दाण्यांना साठवणीत भुंगेरा गाठतो. त्याची अंडी बहुधा शेतातच, पक्व शेंगांवर घातली जातात. दाणे कडक उन्हात वाळविणे, मडक्यात राखेच्या थरांत ठेवणे, वर वाळूचा जाड थर देणे व एरंडेल चोळणे हे जुने उपाय प्रयोगांती खरे ठरले आहेत. किलोमागे ५ मिली. खाद्यतेल चोळल्यास अंड्यांतील जीवाला श्वसन अशक्य होते आणि दाण्याच्या उगवणशक्तीला फारशी बाधा येत नाही. खाण्याच्या कडधान्याची डाळ करणे हाही एक परीने कीडनियंत्रणाचाच उपाय होय. भुंगेरा अंडी घालण्यासाठी अख्खा, गुळगुळीत दाणा पसंत करतो आणि भरडलेल्या डाळीवर त्याची वाढ नीट होत नाही. जळगावच्या डाळ गिरण्या हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर करतात. बियाण्याचा वाल मात्र अख्खाच ठेवावा लागतो, म्हणून राखेचे मडके खानदेशातील घरांतून पूर्णपणे गेलेले नाही.